दिवेलागणीनंतर विंचरलेला टोप

लाईट गेली तर जाऊ दे. कंदील जरा इकडे सरकव, निहार. आणि रुचिरा, तू ते केस बांध आधी. हसू नकोस.

आपल्या वाडीतला गंगाराम तुम्हाला ठाऊक आहे. नमनवाल्यांचे, नाटकवाल्यांचे केसांचे टोप दुरुस्त करतो तो. त्याचीच गोष्ट. खोटी असेल तर आप्पा नाव लावणार नाही.

गेल्या वर्षी देवदिवाळीची आदली रात्र, अवसेची. माळनाक्यापलीकडे एका हौशी माणसाने सिनेमाचं संग्रहालय थाटलंय. मेकअपचे डबे, दाढ्यामिशा, टोप, सगळं काचेत. सकाळी उद्घाटन, आणि एका जुन्या नटीचा लांब टोप मुंबईहून येताना गुंतलेला. बाई कधीच वारली. केस मात्र खरे. गंगारामला बोलावणं आलं. त्याची आठ वर्षांची दिशा हट्टाने बरोबर गेली. नवसाची एकुलती एक पोर, तिला नाही म्हणणार कोण?

पोचेपर्यंत दिवेलागण झाली. दिवे लागल्यावर केसांना कंगवा लावत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. गंगाराम म्हणाला, "टोपाला कसली दिवेलागण?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

दिशा बाकावर झोपली. हा विंचरत बसला. एका गाठीत कंगवा अडकला. त्याने ओढला.

मागून... "स्स्स."

वळून पाहिलं. दिशा झोपेतच. हात डोक्यावर.

"दिशा? अगो, काय झालं?"

तो परत टोपाकडे वळला.

पुन्हा ओढला. हळूच.

"दादा... हळू ओढा ना. शॉट लागायचाय अजून."

आवाज दिशाचाच. डोळे मिटलेले. पण ती बापाला दादा म्हणत नाही रे...

कंगवा राहिला टोपात. गंगारामने पोरीला उचललं आणि धावत घर गाठलं.

दारात त्याची बायको, मनिषा. तिने पोरीच्या कपाळावरून हात फिरवला. थांबली.

"अवो, हिच्या कपाळाला काय चिकट लागलंय?"

गंगारामने वास घेतला. टोप चिकटवायचा डिंक. केसांच्या कडेकडेने, या कानापासून त्या कानापर्यंत. ओला.

त्याने डिंक सोडवायला स्पिरिटचा बोळा लावला. पोरीच्या केसांची कड जराशी... सुटली, टोपाची सुटावी तशी.

"काढा की ते!" मनिषा रडायला लागली.

गंगारामचा हात पुढे जाईना. पोटची पोर. ओढायचं तरी कसं? आणि खाली काय निघेल...

त्याने कड पुन्हा दाबून बसवली.

दिशा शाळेत जाते, जेवते, खेळते. पण परवा गंगाराम माझ्यासमोर ढसाढसा रडला. रोज पहाटे पोर झोपेत असताना तो तिच्या कपाळाला बोट लावून बघतो. डिंक ओलाच असतो.