डिस्चार्ज कार्डाचं पहिलं पान

चंपाबाई खुर्चीवर बसल्या, उठल्या, खिडकीतून खाली औरंगपुऱ्याची गर्दी पाहिली आणि पुन्हा बसल्या. मांडीवरची कापडी पिशवी मात्र त्यांनी एकदाही खाली ठेवली नाही.

"पाणी घ्या, मावशी," कडुबा म्हणाला.

"पाणी नको. वेळ नाय. आज सहाच्या आत विमा काढायचा का नाय ते सांगायचंय, आन माझ्या घरात चोर हाय."

कडुबानं करुणाकडे पाहिलं. ती टेबलामागे हाताची घडी घालून बसली होती. करुणानं बारा वर्षं विमा कंपन्यांसाठी दाव्यांची चौकशी केली होती. कोण खरंच मेलं, कोण नुसतं कागदावर मेलं, कुठलं दुकान जळलं आणि कुठलं जाळलं, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. आता भांड्यांच्या दुकानाच्या वर तिचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. कडुबा तिचा मदतनीस. त्यानं एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती, म्हणून आपल्याला माणसं ओळखता येतात, असा त्याचा समज होता.

"कसला विमा?" करुणानं विचारलं.

"बोटीवर जायाचा."

विहारातल्या अठरा बाया चेन्नईहून मोठ्या जहाजानं लंकेला निघाल्या होत्या. जहाज बारा दिवसांनी सुटणार होतं. चंपाबाईंनी पैठण गेटजवळ तीस वर्षं पोळीभाजीचे डबे दिले होते, त्यातून त्यांचं तिकीट उभं राहिलं होतं.

"लंकाच का, मावशी?"

"तिथं बोधिवृक्ष हाय. आन समुद्र हाय." चंपाबाई क्षणभर स्थिर झाल्या. "नागपूरला दीक्षेच्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून माणसं पाह्यली व्हती. नजर जाईल तिथवर पांढरे कपडे. द्वारका, माझी बहीण, आईच्या मांडीवर तान्ही व्हती. बाप म्हणला, बघ चंपे, समुद्र असाच आसतो. खरा काय अजून पाह्यला नाय."

मग त्यांनी पिशवीतून फाईल काढली. पासपोर्ट होता, तिकीट होतं आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड होतं. दोन वर्षांपूर्वी गंगापूरला एका लग्नात त्यांच्या छातीत कळ आली. द्वारकाबाईंनी जीपमधून शहरात आणलं, भरती केलं, दोन स्टेंट बसले. त्या कार्डाची दोन पानं होती. आता एकच उरलं होतं, दुसरं.

करुणानं ते वाचलं. "हृदयाचा आजार, स्टेंट, चालू गोळ्या. सगळं यातच आहे. पहिल्या पानावर काय होतं?"

"इंग्रजीत व्हतं. नाव-पत्ता आसंल."

करुणानं कोपऱ्यातली स्टेपलरची पिन उजेडाकडे धरली. पिनेचे पाय नखानं उघडून परत नीट दाबले होते. कागदाचा कपटासुद्धा तिच्यात अडकला नव्हता.

"घरात काय सांगितलंत?"

"दवाखान्याचा कागद सापडत नाय, एवढंच. कुणी पुढं इचारलं नाय, मीबी सांगितलं नाय."

तोवर कडुबानं पासपोर्ट उघडला होता. "एक जून एकोणीसशे सत्तावन्न! घ्या, माझीबी एक जून. आमच्या डेपोत निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. शाळेत नाव घालताना गुरुजी दुसरी तारीख लिवायचेच नाहीत."

चंपाबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"ताई, विमा काढायचं ठरलं आन दुसऱ्या दिवशी कागद गेला. म्हंजे कुणाला तरी मी जायला नको हाय. नायतर गेल्यावर परत यायला नको हाय. तसं कुणाच्या मनात आसंल तर मी बोटीवर पाय ठेवणार नाय. तिकीट फाडून टाकते. पर कोण ते कळू द्या."

घड्याळात साडेअकरा झाले होते. करुणा उठली.

निराला बाजारातल्या आपल्या छोट्या ऑफिसात सत्यम दोन फोनवर एकदम बोलत होता. सहलीची तिकिटं त्यानंच काढली होती आणि विमाही तोच काढून देणार होता.

"मॅडम, सहानंतर ग्रुपची यादी बंद. सतरा जणींचं झालं, चंपामावशींचंच अडकलंय."

"त्यांची फाईल कधी हातात घेतली होतीस?"

"कधीच नाही. एकदा घरी गेलो होतो, तर मावशी फाईल पोटाशी धरूनच बसल्या. मला काय लागेल त्याचे फोटो सुलेखाताई पाठवतात. त्यांच्या सूनबाई."

"पहिल्या पानाचा फोटो आला होता?"

"डिस्चार्ज कार्डाचा कुठलाच आला नाही. फक्त पासपोर्टचा आलाय."

यादी त्यानं समोर सरकवली. करुणाचं बोट नावांवरून खाली गेलं. द्वारकाबाई, एक जून छप्पन्न. चंपाबाई, एक जून सत्तावन्न.

"वयाची काही अट?"

"सत्तरच्या वर असेल तर डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. त्यात आठवडा जातो. पण आपल्या ग्रुपमध्ये तसं कुणी नाही. सगळ्यात मोठ्या द्वारकामावशी, एकोणसत्तरच्या."

बाहेर आल्यावर कडुबा म्हणाला, "हा पोरगा चोर नाय. याला तर विमा काढूनच पाहिजे."

"मग कोण, कडुबामामा?"

"पोरगा. मावशींचा पोटचा. बघा तुम्ही."

भावसिंगपुऱ्यातल्या घरी चंपाबाईंच्या मुलानं, राजेंद्रनं दार उघडलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली. करुणानं येण्याचं कारण सांगताच तो चिडला.

"आईनं डिटेक्टिव्ह आणला? घरातल्या कागदासाठी? मी तोंडावर सांगतो, तिनं जाऊ नये असंच मला वाटतं. दोन स्टेंट घेऊन समुद्रात! पण चोरी करायला मी काय भुरटा आहे?"

"पासपोर्ट कुठं असतो, माहीत आहे?"

"त्याच फाईलीत. घरात सगळ्यांना माहीत आहे."

कडुबानं भुवई उडवली. करुणानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर द्वारकाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. बहिणीचा प्रवास ठरल्यापासून त्या रोज येत होत्या.

"विमा कशाला काढायचा म्हणते मी! त्या पोरानं माझाबी काढला, पर जायच्या आधीच मरायची तयारी? आम्ही दोघी एकाच खोलीत ऱ्हाणार. अक्काला काय झालं तर मी हाय की."

"तू काय करशील?" चंपाबाई आतून ओरडल्या. "जीपमदी माझ्यापेक्षा जास्त तूच रडत व्हतीस!"

"रडले, पर पोचवलं ना दवाखान्यात?"

करुणा हसली. "ते कार्ड तुम्ही पाहिलं होतं?"

"पाह्यलं, पर इंग्रजी म्हंजे आपल्याला मुंग्या. लिवणारा पोरगा इचारत गेला, मी सांगत गेले. नाव, गाव, वय, नवऱ्याचं नाव. अक्का कुठं शुद्धीवर व्हती!"

सुलेखा साडेतीनला आली. ती एका खासगी शाळेच्या ऑफिसात काम करायची. चपला काढता काढताच तिनं घड्याळ पाहिलं, मग सासूचा चेहरा पाहिला.

"आत्याबाई, गोळी घेतली का? मॅडम, तुम्हीच समजवा यांना. विमा घ्यायलाच पाहिजे. यांचा मुलगा नको म्हणतो, बहीण नको म्हणते, मी एकटी घसा कोरडा करते."

"एवढा आग्रह का?"

"माझ्या वडिलांचा विमा होता. कागदांचा मेळ बसला नाही म्हणून कंपनीनं हात वर केले. ऐन आजारपणात. ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग हा कागद हरवल्यानं तर आणखीच घोळ होईल."

"त्यात काय घोळ? आजार सगळा दुसऱ्या पानावर आहेच की. तेवढं जोडलं तरी भागतं. फॉर्ममध्ये मी स्टेंटचं खरं खरं लिहिलंय."

करुणानं मान हलवली आणि आणखी काही विचारलं नाही. ती अंगणात गेली. कडुबा मागोमाग.

"मी सांगतो, ताई. राजेंद्रच. आईला जाऊ द्यायचं नाय, म्हणून कागद गायब. कागद नाय तर विमा नाय, विमा नाय तर आई भिऊन घरी. चोराच्या मनात चांदणं. कसा चिडला पाह्यलंत?"

"आईला थांबवायचं असतं तर त्यानं पासपोर्ट नेला असता, मामा. तो त्याच फाईलीत होता."

पाच वाजत आले होते. आत चंपाबाईंच्या फेऱ्यांचा आवाज येत होता, भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत. गावाकडची एसटी चुकलेल्या बाया फलाटावर अशाच फिरायच्या. कडुबालाही आपले पाय एका जागी ठेवणं जमेना.

करुणानं सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. चंपाबाई तेवढ्या उभ्याच राहिल्या.

"चोरानं एकच पान नेलं आणि तेही पहिलं," करुणा म्हणाली. "ज्याला आजार लपवायचा असतो, तो दुसरं पान नेतो. दुसरं तर जागेवर आहे. म्हणजे त्याला आजार लपवायचा नव्हता. पहिल्या पानावर काय असतं? नाव, पत्ता, तारीख आणि वय. नाव-पत्ता सगळ्यांना माहीत आहे. मग लपवण्यासारखं काय उरलं?"

"वय?" राजेंद्र म्हणाला. "आईचं वय तर पासपोर्टवरच आहे. अडुसष्ट."

"चंपामावशी, नागपूरची दीक्षा कुठल्या सालची?"

"छप्पन्न सालची. ते काय इचारायचं झालं?"

"आणि पासपोर्टप्रमाणे तुमचा जन्म सत्तावन्नचा. म्हणजे बापाच्या खांद्यावर तुम्ही जन्माच्या आधीच बसला होतात."

कडुबाचं तोंड उघडंच राहिलं. पासपोर्ट त्यानंच वाचला होता आणि एक जूनवर हसण्याच्या नादात साल सोडून दिलं होतं.

"कागदावर द्वारकामावशी एक वर्षानं मोठ्या आहेत," करुणा पुढे म्हणाली. "तरी त्या यांना अक्का म्हणतात. धाकटीला कुणी अक्का म्हणतं का?"

"ती मोठीच हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "पाच वर्षांनी. मला कडंवर घेऊन फिरायची. घरातली पोरं सांभाळायची म्हणून अक्काला शाळेत माझ्या मागून घातलं. करमाडच्या गुरुजींनी वर्ग पाह्यला आन माझ्याखालचं वय लिवून टाकलं."

"आणि दवाखान्यात वय तुम्ही सांगितलंत. खरं सांगितलंत. तेव्हा बहात्तर, आज चौऱ्याहत्तर. पहिल्या पानावर ते छापलं गेलं. आता हे पान कुणाला नको होतं ते पाहू. सत्यमनं फाईल कधी हातात घेतली नाही. द्वारकामावशींना इंग्रजी वाचता येत नाही, वय कुठल्या पानावर आहे ते त्यांना कळलं नसतं. राजेंद्रभाऊंना आईला थांबवायचं होतं, आणि सत्तरच्या वर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. त्यांनी ते पान उलट सत्यमला नेऊन दाखवलं असतं. पान लपवायचं होतं अशा माणसाला, ज्याला चंपामावशींनी जावं असं वाटत होतं, विमाही पक्का हवा होता, आणि दोन कागदांवर दोन वयं म्हणजे काय, हे ज्यानं सोसलं होतं."

सुलेखा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"कागद हरवला एवढंच मावशींनी घरात सांगितलं होतं," करुणा हळू म्हणाली. "दुसरं पान शिल्लक आहे, हे तुम्हाला कसं माहीत होतं, सुलेखाताई?"

सुलेखानं पर्समधून वही काढली. वहीच्या मधोमध, चार घड्या घातलेलं ते पान होतं.

"फोटो काढायला घेतलं, तेव्हा वय दिसलं," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. शाळेच्या दाखल्यावर एक साल, रेशन कार्डावर दुसरं. कंपनीवाला म्हणाला, तुम्ही फसवताय. वडील खाटेवर पडलेले आणि आम्ही फसवणारे. मला वाटलं, हे पान नसलं तर एकच वय राहील. आत्याबाई, कागद सापडत नाही म्हणून तुम्ही शोधत बसलात, तेव्हा सांगणार होते. धीरच झाला नाही."

"दवाखान्याच्या दप्तरात याची दुसरी प्रत असते," करुणा म्हणाली. "दावा आला की कंपनी आधी तीच मागवते. बारा वर्षं मी तेच केलं. मग हे पान तुमच्या पर्समध्ये असून काय उपयोग? आपण आधी कळवलं तर त्याला खुलासा म्हणतात. त्यांनी शोधलं तर लबाडी."

साडेपाच वाजले होते. चंपाबाई सुनेकडे पाहत होत्या. मग इतक्या वेळात पहिल्यांदा त्या खाली बसल्या.

"त्या सत्यमला फोन लावा."

राजेंद्रनं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"सत्यम, बाळा, मी चौऱ्याहत्तरची हाय. तसं लिव."

"मावशी, असं कसं? पासपोर्टवर सत्तावन्न साल आहे. कॉम्प्युटर दुसरी तारीख घेतच नाही."

"मग त्याला त्याची तारीख लिवू दे. खाली माझं वय तू लिव, आन दोन्ही पानं लाव. चालत नसंल तर बिनविम्याची जाते, पर चोरून जाणार नाय."

सत्यमनं कंपनीला विचारतो म्हणून फोन ठेवला. कडुबानं चार वेळा घड्याळ पाहिलं. सहाला बारा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"घेतायत, मावशी! वयाच्या खुलाशाचं पत्र आज, आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट जहाज सुटायच्या आत. डॉक्टर नाही म्हणाले तर मात्र रद्द."

"उद्या सकाळीच जाते डॉक्टरकडं. पत्र आत्ता लिवते."

"हो, आणि एक रकाना राहिला. नॉमिनी. तुम्हाला काही झालं तर कंपनीनं कुणाला द्यायचं?"

राजेंद्रनं नकळत शर्ट सारखा केला. द्वारकाबाईंनी मान वर केली.

"सुलेखा लिव," चंपाबाई म्हणाल्या. "नातं लिव सून."

सुलेखानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आई, अन् मी?" राजेंद्र म्हणाला.

"तू तर मला जाऊच देत नव्हतास. हिनं माझ्यासाठी चोरी केली." चंपाबाईंनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ गं. पत्र लिवायला बस. मी सांगते तसं लिव, आन एक अक्षर खाऊ नको."