एडिनबरोहून आलेलं पत्र

"माझ्या आपाला दुल्हाभाईंनी मारलंय," जैनब म्हणाली आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दलच्या स्वतःच्याच शब्दांनी हादरली.

सन १९६८, ऑगस्ट महिना. मुंबई पोलिसांतून निवृत्त झालेले गनी सारंग शारजात, रोल्लामधल्या एका कापडदुकानाच्या माडीवर राहून खाजगी तपास करत. त्यांचा मित्र रफिक दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानं जैनबला पाणी दिलं.

"जुलैत आपा आणि दुल्हाभाई आठ दिवस एडिनबरोला गेले. परत आले ते दुल्हाभाई एकटेच. म्हणाले, हाफिजाला पोटाचं दुखणं आहे, तिथल्या डॉक्टरनं ठेवून घेतलंय. पत्ता विचारला तर देत नाहीत. आणि आपाची लोकरी शाल इथं पेटीतच आहे!"

"पत्र आलं?"

जैनबनं ते पुढे केलं. शिक्का एडिनबरोचा, जुलैतला, अक्षर हाफिजाचं. गनींनी मोठ्यानं वाचलं, "'रोज मगरिबची नमाज पढून बाजारात जातो. अंधारात दिवे लागलेला किल्ला बघतो आणि साडेआठ वाजता जेवायला परततो.'"

"म्हणजे ती तिथं होती, खलास!" रफिक म्हणाला.

"जाण्यापूर्वी तिचं वागणं बदललं होतं?"

"माझ्याबरोबर एका थाळीत जेवेना. एकदा तव्यावर हात भाजला, हा एवढा फोड आला, तर म्हणाली, कळलंच नाही." जैनबनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "पुढच्या महिन्यात माझा निकाह आहे, चाचा. ती नसताना कसा करू?"

तिचा नियोजित नवरा मुश्ताक जहाजावर इंजिनियर होता. तो संध्याकाळी आला.

"जुलैत जहाज कुठं होतं?" गनींनी विचारलं.

"लीथ बंदरात. एडिनबरोला लागूनच."

"नमाजाचे हाल झाले असतील."

"विचारू नका! दहा वाजायला आले तरी सूर्य बुडत नाही."

"जैनबचा दुल्हाभाई शौकत तिथं भेटला?"

"नाही," मुश्ताक खाली बघत म्हणाला.

शौकत पेढीवर भेटला. माणूस अर्धा झाला होता. "इन्शाल्ला, येईल ती," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तो दर जुम्म्याला डोंगरापलीकडच्या खोर फक्कान गावाला जातो, असं शेजारच्या कारकुनानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गनींनी सगळ्यांना माडीवर बोलावलं.

"हाफिजा एडिनबरोला गेलीच नाही. शौकतही नाही."

जैनब ताडकन उठली.

"जुलैत तिथं मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, दहाच्या सुमाराला होते. मग मगरिब पढून, अंधारात किल्ला बघून साडेआठ वाजता जेवायला कोण परतेल? पत्र लिहिणाऱ्यानं सूर्य इथला धरला. ते इथंच लिहिलं गेलं आणि लीथला गेलेल्या माणसानं टाकलं. मुश्ताक?"

"दुल्हाभाईंनी शपथ घातली होती," मुश्ताक पुटपुटला. "का, ते सांगितलं नाही."

"आपा कुठंय?" जैनब किंचाळली.

"जिवंत आहे. शौकत दर जुम्म्याला खोर फक्कानला तिलाच भेटायला जातो. हात भाजला तरी कळत नाही, बहिणीच्या थाळीत जेवत नाही. रफिक, तू दवाखान्यात आहेस. हा कुठला आजार?"

"महारोग," रफिक कसाबसा म्हणाला.

शौकतनं तोंड झाकलं. "तिनंच ठरवलं. लोकांना कळलं तर जैनबचा निकाह मोडेल, म्हणाली. ते आठ दिवस मी तिच्यासाठी खोर फक्कानला घर लावत होतो. औषध चालू आहे. बरी होईल, असं डॉक्टर म्हणतात."

"मला का नाही सांगितलंत?" मुश्ताक पांढराफटक पडला होता.

"तू तुझ्या अम्मीपासून लपवलं असतंस?" शौकत म्हणाला.



"मी तुम्हाला खुनी समजले," जैनब म्हणाली. "मला आपाकडे न्या."

पहाटे निघालेली लँडरोव्हर डोंगरातून खोर फक्कानला पोचायला दुपार झाली. शौकतबरोबर गनी, रफिक आणि मुश्ताकही आले होते. मुश्ताक गाडीपाशीच थांबला.

जैनबनं दार ठोठावलं.

"परत जा," आतून हाफिजाचा आवाज आला. "निकाह होऊ दे. मग ये."

"दार उघड आपा, नाहीतर मी इथंच बसते."

जैनब उंबऱ्यावर बसली. गनींनी रफिकचा हात घट्ट धरला. मग आतली कडी वाजली.

गाडीपाशी उभा असलेला मुश्ताक घराच्या दिशेनं चालू लागला.