बोयानचे हातमोजे

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या त्या बालरुग्णालयात श्वासाच्या नळीची चिकटपट्टी बदलायला दोघी नर्स लागत. एकीने नळी ओठापाशी धरायची, दुसरीने पट्टी बदलायची. तान्ह्या बोयानची पट्टी लाळेने भिजली, तेव्हा जोडीची नर्स पेन्का म्हणाली, "थांब गं, कॉफी तरी संपवू दे."

नेदा सिस्टरला दम कुठला? ती एकटीच करायला गेली. बाळ खोकलं, नळी सुटून तिच्या हातात आली आणि ते निळं पडलं.

डॉक्टरांनी धावत येऊन नळी पुन्हा बसवली. "निघाली कशी?"

"त्यानंच ओढली," नेदा म्हणाली.

बोयानच्या आईने, इस्क्राने, उलट तिचीच माफी मागितली. "द्वाड आहे हो, बापावर गेलाय." तिने जुन्या फ्लॅनेलचे हातमोजे शिवून आणले आणि मार्चमध्ये झाडं फुलेपर्यंत शुभ म्हणून बांधतात त्या लाल-पांढऱ्या दोऱ्याने त्याच्या मनगटांवर घट्ट बांधले. "बाहेरची चेरी फुलली की सोडू." नेदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वेळी पेन्काने नळी धरली. नेदाने जुनी पट्टी सोडवली, तर चिकट बाजूवर चिमुकल्या अंगठ्याचा ठसा.

"मोज्यांतून?" नेदा पुटपुटली.

"तुझाच असेल. जेवत नाहीस, अंगठाही आटला असेल," पेन्का हसली.

नेदाने पट्टी उजेडात धरली. ठशावर एक तिरकी रेघ होती. लहानपणी हिवाळ्यासाठी भाजलेल्या मिरच्या सोलताना तिचा अंगठा कापला होता. ती खूण अशीच तिरकी होती.

त्यानंतर दर पट्टीवर ठसा येऊ लागला, आधीपेक्षा ठळक. दोऱ्याच्या गाठी मात्र जशाच्या तशा. इस्क्रा घरून चीज भरलेली बानित्सा आणायची आणि आग्रहाने नेदाला वाढायची. नेदा ती तशीच कागदात गुंडाळून ठेवायची. आज सांगू, उद्या सांगू, असं ती स्वतःला बजावत राहिली.

बोयान सावरला. डॉक्टरांनी नळी काढली.

खिडकीबाहेर चेरी फुलली होती. इस्क्रा दोरा सोडू लागली.

आता सांगायचंच. "इस्क्रा, त्या दिवशी ती नळी..."

"एक मिनिट हं." इस्क्राने मोजा काढून बाळाचा अंगठा निरखला. "इथं कधी कापलं याला? जुनी खूण दिसतेय." मग हसून तिने तो अंगठा चुंबला. "यानंच कुठंतरी लावून घेतलं असणार, द्वाड कुठला."

नेदाने हळूच स्वतःची मूठ उघडली.

तिचा अंगठा कोरा होता.