वहीत नसलेलं माप

दुपारी साडेतीनच्या सुमारास दुकानात एक गृहस्थ घुसले. काळा कोट, चापून बसवलेले केस, टोकं वर पिळलेली बारीकशी मिशी. दुकान म्हणजे आईचं कपडे दुरुस्तीचं — दोन मशीन, एक आरसा आणि एकच खुर्ची. आई वरच्या खोलीत आडवी झाली होती, आणि लेक तोंडात चार टाचण्या धरून कुणाची तरी बाही बसवत होती. तोंडात सदा टाचण्या, म्हणून अख्खी गल्ली तिला टाचणीच म्हणायची.

"बसा साहेब," ती टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

"बसायला वेळ नाही हो, चारला पडदा आहे! हे बटण एवढं..."

आवाज बाईचा होता. खोल, थोडासा खरखरीत, पण बाईचाच. टाचणीनं मान वर केली. मिशीचं डावं टोक सुटून लोंबत होतं.

"मिशीही लावून देऊ का?"

"येते?"

"कॉलर येते. मिशी काय त्याहून अवघड असणार?"

गृहस्थ इतक्या जोरात हसले, की मिशी पुरती गळून शिलाई मशीनवर पडली. टाचणीनं ती चिमटीत उचलली, गोंदाचा उग्र वास नाकात गेला, तरी तिनं ती गृहस्थांच्या ओठावर नीट दाबून बसवली.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक बुटकं थिएटर होतं. तिथे शनिवार-रविवारी दुपारी आक्कांचं मंडळ कॅबरे करायचं. आक्का म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. पण रंग लावला, झगा चढवला की आक्का, आणि एव्हाना उतरवला तरी आक्काच. मंडळातली बाकीची माणसंही अशीच, म्हणजे जशी होती तशी राहायचं ठरवलेली. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बाया, आणि जन्माच्या दाखल्यावर एक नि मनात दुसरंच असलेले. नाचायचे, गायचे, आणि प्रेक्षकांना हसवून हसवून रडवायचे. मिशीवाली त्यांची मुख्य गायिका. टाचणीचं 'बसा साहेब' तिनं तिखटमीठ लावून मंडळाला सांगितलं, आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांची साहेब झाली.

मंडळाची कपडे सांभाळणारी बाई नुकतीच काम सोडून गेली होती. पुढच्याच शनिवारी तिच्या जागी टाचणी विंगेत उभी होती. आपला जीव बायकांवरच जडतो, हे आईला दोन वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं. तेव्हा आई आठवडाभर बोलली नव्हती. मग एके सकाळी तिनं लेकीपुढे शर्ट टाकला, "काजं कर एवढी," म्हणाली, आणि विषय मिटला. आताही तिनं "कात्री आपली घेऊन जा, तिथली बोथट असेल," एवढंच सांगितलं.

काम सोपं नव्हतं. दुसऱ्या गाण्याला साहेब कोटात, तिसऱ्याला लाल झग्यात, आणि मध्ये फक्त पंचेचाळीस सेकंद. कोट, शर्ट, टाय हे सगळं पुढून एकजीव शिवलेलं आणि मागे वेल्क्रो, म्हणजे एका ओढीत निघायचं. मग डोक्यावरून झगा आणि पाठीचे अकरा हुक, तेही मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांच्या अंदाजानं. साहेब पाठ करून, डोळे मिटून उभी राहायची आणि तेवढ्यातही तिची टकळी चालू असायची.

"आज हात गार आहेत तुझे."

"उंहूं."

"काल गरम होते."

"उंहूं."

"कधीतरी दुसरं काही बोल गं. निदान 'हं' तरी..."

"हलू नकोस. सातवा हुक."

एवढाच काय तो संवाद. हुक लागले की टाचणी एक पाऊल मागे सरायची. हात कामापुरता, कामाबाहेर बोटभरही नाही, असा तिनं स्वतःला नेमच घालून घेतला होता. जो माणूस अंधारात विश्वासानं आपल्याकडे पाठ करतो, त्याच्यावर आपण जीव टाकतो हे त्याला कळलं तर? तिला तेवढीच एक भीती होती. आणि जीव तर तिनं टाकला होता, अगदी मशीनवर मिशी पडली त्याच दुपारी.

चौदाव्या आठवड्यात, शनिवारी, साहेबानं मेकअपच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या थिएटरनं तिला बोलावलंय. तीन महिने. नऊ दिवसांनी, सोमवारी निघायचं. सांगताना ती आक्कांकडे नाही, टाचणीकडे बघत होती.

"तुला काही म्हणायचंय?"

टाचणीनं सुईत दोरा ओवला. एकदा चुकला, दोनदा चुकला.

"उंहूं."

साहेब आरशाकडे वळली आणि त्या दिवशी हुक लावताना एक अक्षर बोलली नाही.

साहेबाच्या जागी नर्सबाई गाणार होती. एरवी इस्पितळात खरोखरच नर्स, गळा गोड, उंची बेताची, अंगानं भरलेली, आणि स्वभावानं त्याहून. टाचणीनं तिची मापं घेतली, वहीत टिपली आणि हिरव्या कापडाचा नवा झगा बेतायला घेतला. पाच दिवस मान मोडून शिवत होती. डोळ्यांतलं पाणी कापडावर पडून डाग पडू नये म्हणून मध्येमध्ये उठत होती.

गुरुवारी दुपारी सगळ्यांसमोर नर्सबाईनं झगा घातला. खांदे घसरले, घेर वीतभर जमिनीवर लोळू लागला, आणि कमरेला तर हुकाची नि काजाची गाठभेटच होईना.

"आक्का," ती म्हणाली, "लांबीत दोन मी मावतील आणि रुंदीत अर्धीच!"

सगळे खो खो हसले. आक्कांनी चष्मा लावून वही उघडली, नर्सबाईकडे पाहिलं, परत वहीकडे पाहिलं.

"वहीत तर बरोबर आहे गं. मग कापलंस कशावरून?"

टाचणीच्या आत्ता कुठे लक्षात आलं. तिनं वही उघडलीच नव्हती. कापड पसरलं होतं, खडू घेतला होता, आणि हात आपले चालत गेले होते...

आक्कांनी वही मिटली. त्यांनी नर्सबाईच्या अंगातून झगा सोडवला आणि साहेबाच्या हातात दिला.

"घाल."

झगा बसला. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. साहेबाचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता होता. ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं, पण झग्याला ठाऊक होतं. साहेबाचे कपडे आधीच्या बाईनं शिवलेले. टाचणीनं साहेबाच्या अंगाला आजवर टेप लावलीच नव्हती.

नर्सबाईनं तोंडावर हात ठेवला, "अगं बाई..."

"नर्सबाई," आक्का म्हणाल्या, "माझं बीपी बघ जरा. बाहेर. आणि बाकीच्यांनीही या, तुमचंही बघू दे तिला."

दार लागलं.

"टाचण्या काढ तोंडातल्या," साहेब म्हणाली.

टाचणीनं एकेक काढली. चारच होत्या, पण बराच वेळ लागला.

"चुकलं माझं. उद्यापर्यंत दुसरा शिवते."

"मी झग्याचं विचारत नाहीये."

"मग..." टाचणीनं टाचण्या टेबलावर ठेवल्या. "तू डोळे मिटून उभी राहायचीस. माझ्या भरवशावर. मी काही बोलले असते, तर पुढच्या वेळी तू तशी उभी राहिली नसतीस."

"आणि मी काय करत होते चौदा आठवडे? हात गार, हात गरम... हवामान खात्यात नोकरी असल्यासारखी! पंचेचाळीस सेकंदांत माणूस याहून जास्त काय बोलणार? आणि तुझं आपलं उंहूं. मला वाटलं, हिला मी नकोच आहे. म्हणून तर त्या लोकांना हो म्हटलं."

टाचणीच्या अगदी ओठांवर आलं होतं — जाऊ नकोस. नुसतं म्हणायचा अवकाश, साहेब राहिली असती. पण चौदा आठवडे तिनं विंगेतून ऐकलं होतं, या बुटक्या छताला तो आवाज कसा डोकं आपटायचा ते. तिनं डोळे पुसले.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "खूप आहे. आता जा."

"आता? आता कशी जाऊ?"

"गाडीनं. सोमवारच्या."

"टाचणे!"

"आणि येशीलही गाडीनंच. मी स्टेशनवर उभी असेन."

साहेब हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तिनं टाचणीला जवळ ओढलं. या वेळी टाचणी मागे सरली नाही. तिनं दोन्ही हातांनी तिला कवटाळलं, चौदा आठवड्यांचं सगळं एकदम वसूल केल्यासारखं.

टर्रकन बगलेतली शिवण उसवली.

"उसवलं," साहेब तिच्या खांद्यात पुटपुटली.

"उसवू दे," टाचणी म्हणाली.