वाट झाडणारा

सांगलीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर बोलायला माणसं कमी उरली, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं. सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये अनीश घरी आला. तो माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, पुण्याच्या एका कंपनीत इंजिनियर. कंपनीने हायड्रोजनवर चालणाऱ्या काही व्हॅन तयार केल्या होत्या आणि तासगावहून आटपाडीकडे जाताना भिवघाटाच्या पुढे, माळावर, गॅस भरण्याचं केंद्र उभारलं होतं. तिथल्या कामगारांसाठी सुरक्षेची इंग्रजी पुस्तिका मराठीत हवी होती.

"सोपं लिहा, काका," तो म्हणाला. "तुम्ही 'उद्जन' वगैरे लिहाल, म्हणून आधीच सांगतो."

मी उद्जनच लिहिणार होतो.

पुस्तिका लहान होती. या गाड्यांत काही जळत नाही. गॅस आणि हवा एकत्र येऊन वीज तयार होते, तिच्यावर मोटर फिरते आणि मागच्या नळीतून नुसतं पाणी ठिबकतं. हे मला समजलं. अडलो ते एका परिच्छेदाशी. हायड्रोजनला गळती लागून तो पेटला तर त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात दिसत नाही. धूर नसतो. अगदी जवळ जाईपर्यंत झळही फारशी जाणवत नाही. माणूस सरळ आगीत चालत जाऊ शकतो. म्हणून अशा ठिकाणी काम करणाऱ्याने हातात झाडू पुढे धरून चालावं. झाडूचं टोक पेटलं की थांबावं.

मी 'केरसुणी' लिहिलं, कारण शिंदीचं वाळलेलं पान चटकन पेटतं. लिहून झाल्यावर बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसलो. काहीतरी राहून गेलंय असं वाटत होतं. पण मला ते नेहमीच वाटतं.

पुस्तिका छापून गेली आणि कोणी वाचली नाही. मग अनीशने ठरवलं की मीच तिथे जाऊन ती वाचून दाखवावी. मला न्यायला बशीर मुलाणी व्हॅन घेऊन आला.

बशीर चाळिशीचा, तासगावचा. आधी फौजेत ड्रायव्हर, नंतर बरीच वर्षं ट्रकवर. व्हॅनला इंजिनाचा आवाज नव्हता, शिट्टीसारखी एक बारीक रेघ तेवढी कानात राहायची. तासगाव मागे पडलं. द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड संपल्या, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता भुरा माळ सुरू झाला.

"ट्रकवर असताना महिना महिना घर दिसायचं न्हाई, मास्तर," बशीर म्हणाला. "आईची नजर गेली तवा मी गुवाहाटीच्या लाइनीवर. आता रोज सांजच्याला घरी. तिच्या ताटात भाकरी मोडून देतो. पुढच्या आठवड्यात सरकारी तपासणी हाय. पास झालं की मी पर्मनंट. न्हाई झालं तर पुन्ना ट्रक."

"होईल पास," मी म्हणालो. मला काय माहीत होतं?

केंद्राभोवती तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत दगड पडले होते. ते बाहेरून आले होते. आत बोअर मारलेली होती. तिच्या पाण्यातून विजेने गॅस काढायचे. त्या भागात तेव्हा माणसं टँकरची वाट बघत बसायची. बायका हंडे घेऊन कुंपणाजवळून जायच्या आणि आत थुंकायच्या. मला त्यांचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. उन्हाचा, धुळीचा आणि अनीशच्या उत्साहाचाही मला राग येत होता. ती जागाच तशी होती. तिथे उभं राहिलं की आपण कुणाला तरी नको आहोत असं वाटायचं.

फाटकासमोर, रस्त्यापलीकडे चंद्राबाईचं छप्पर होतं. ती केरसुण्या बांधायची. सुरुवातीच्या केरसुण्या अनीशने तिच्याकडूनच घेतल्या होत्या. आणखी दोन घ्यायला आम्ही गेलो तेव्हा तिने मान वर केली नाही.

"पानी जाळनाऱ्यास्नी मी काय इकत न्हाई."

"मावशी, आम्ही पाणी जाळत नाही," अनीश म्हणाला. "गाडी शेवटी पाणीच परत देते."

"मग धरा की हंडा तिच्या बुडाखाली. गावाला वाढा."

बशीर खाली बघून हसला. तिने मला न्याहाळलं. "आवं मास्तर, केरसुणी लक्ष्मी असती. ती आगीत घालाय न्येता?"

"आगीत घालत नाही," मी म्हणालो. "पुढे धरून चालतात. आग असली तर कळावं म्हणून."

तिचा हात थांबला. "पुढं धरून? आनि कोन चालतो?"

"मी की," बशीर म्हणाला.

"देवाच्या पालखीम्होरं वाट झाडत मानूस चालतो, बगितलाय न्हवं? त्यो कुणासाठी झाडतो? मागनं येनाऱ्यासाठी. तू रोज वाट झाडत चाललाईस. मागनं कोन येतंय रं तुझ्या?"

"मागून मी येतो, मावशी," अनीश हसत म्हणाला.

"तुमी कुटलं. तुमी पंख्याखाली बसताय."

तिने केरसुण्या दिल्या नाहीत. आम्ही असलेल्यांवरच भागवायचं ठरवलं.

त्या दुपारी मी पुस्तिका वाचून दाखवली आणि बशीरने प्रात्यक्षिक केलं. केरसुणी हातभर पुढे धरून तो फाटकापासून पंपाकडे चालत गेला. नळीच्या तोंडाशी थोडा गॅस मुद्दाम पेटवून ठेवला होता. तिथे पोचल्यावर केरसुणीचं टोक आपोआप काळं पडलं, आक्रसलं आणि नाहीसं झालं. आग कुठेच दिसली नाही. ऊन तसंच, पंप तसाच. फक्त शिंदीची पानं एकेक करून जात होती. बशीरने मागे सरून झडप बंद केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला. मी लिहिलेलं एक वाक्य खरं ठरलं होतं.

अनीशच्या आग्रहामुळे मी तपासणीपर्यंत तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी पाइप तपासायचे म्हणून सगळ्या टाक्या रिकाम्या केल्या. काटे शून्यावर होते. दुपारी बशीर सवयीने केरसुणी घेऊन आवारातून येत होता. आवाराच्या मधोमध, जिथे ना पाइप होता ना नळी, तिथे केरसुणी पेटली.

"कुणीतरी विडी टाकली असेल," अनीश म्हणाला.

"हवेत, साहेब?"

अनीशने दुसरी केरसुणी घेतली आणि त्याच जागेवरून तीनदा गेला. काही झालं नाही. तो चिडला. "ऊन लागलंय तुला."

बशीरने केरसुणी पुन्हा हातात घेतली. तो दोन पावलं गेला आणि पान पेटलं. मग त्याने एक गोष्ट केली जी मला सुचली नसती. तो जागेवरच थांबला आणि केरसुणी हळूहळू वर नेऊ लागला. पानं जळत राहिली. डोक्याच्या उंचीच्या वर जळणं थांबलं. मग डावीकडे. खांद्याएवढ्या रुंदीनंतर थांबलं. उजवीकडेही तेवढंच. खाली, जमिनीपर्यंत जळत गेलं.

"साहेब," बशीर म्हणाला. त्याने हसायचा प्रयत्न केला. "कोनतरी उभंय. सावधानमधी."

कोणी हसलं नाही. अनीश केबिनमध्ये गेला आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला की ही गोष्ट कुंपणाबाहेर जाता कामा नये. तपासणी होऊ दे, मग बघू. बशीरने मान हलवली. माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "मास्तर, तुमीबी नगा बोलू. आईला मी सांगून ठिवलंय, आता घरीच ऱ्हानार म्हनून."

त्यानंतर पुढे काही पेटलं नाही. बशीर रोज केरसुणी धरून चालत होता आणि तिचं टोक कोरं राहत होतं. अनीश खूश झाला. मीही स्वतःला समजावलं की माझे डोळे म्हातारे आहेत.

तपासणीच्या आदल्या दिवशी बशीरने मला चहाला घरी नेलं. तासगावात, मशिदीमागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. दुपारची वेळ. त्याची आई सुगराबी दाराजवळ बाजेवर बसली होती. बशीर आत शिरला तशी तिने मान वळवली.

"संगट कोन हाय?"

"मास्तर हायत, आई. सांगलीचे."

"मास्तर उंबऱ्यापाशी हायत. त्यांची चप्पल ऐकली मी. तुज्या पाठीला लागून कोन हाय?"

बशीरने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"चुलीगत ऊब यायलीया," ती म्हणाली, आणि तिने पाय बाजेवर ओढून घेतले.

मी बशीरकडे पाहिलं. त्याच्या खाकी शर्टाची पाठ मळकट पिवळी पडली होती. घाम असेल, असं मला वाटलं. तसं वाटून घेतलं, असंही म्हणता येईल.

तपासणीला पुण्यामुंबईची माणसं आली. छत्र्या होत्या, थंड पाण्याच्या बाटल्या होत्या. कुंपणापलीकडे गाव जमलं होतं. चंद्राबाई फाटकाशी उभी होती. अनीशने सगळ्यांना केरसुणीचा नियम समजावून सांगितला. पाहुण्यांना त्याची गंमत वाटली.

बशीर फाटकातून निघाला. केरसुणी पुढे, पाठ ताठ. मी त्याच्या मागे, बाजूला, भिंतीच्या सावलीत होतो. आवारात कुठेकुठे वाळलेलं गवत होतं. बशीर त्यावरून गेला आणि ते तसंच राहिलं.

मग ते काळं झालं.

तो पुढे गेला. त्याच्या मागे, एका पावलाच्या अंतरावर, गवताचा आणखी एक ठिपका काळा झाला. मग त्यापुढचा.

पुढे केरसुणी कोरी होती. पाहुणे माना डोलवत होते.

मी आयुष्यात कधी ओरडलो नाही. वाचनालयात आवाज चढवायचा नसतो. माझा आवाज कसा निघाला ते मला माहीत नाही.

"बशीर! मागे!"

तो वळला. केरसुणी हातात तशीच, समोर धरलेली.

ती मुठीपर्यंत एकदम गेली.

बशीरने हात छातीशी घेतला आणि तो गुडघ्यांवर बसला. पाहुणे फाटकाकडे पळाले. अनीश झडपांकडे धावला. झडपा बंदच होत्या. आवार रिकामं झालं.

"मास्तर," बशीर म्हणाला, "कुनीकडं सरकू?"

त्याला दिसत नव्हतं. मलाही दिसत नव्हतं. कोणालाच दिसलं नसतं.

फाटकाला टेकून दुसरी केरसुणी ठेवलेली होती. मी ती उचलली. धैर्य वगैरे काही नव्हतं. पुस्तिकेत दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं. ती पुढे धरून मी त्याच्यापर्यंत गेलो, त्याचा चांगला हात माझ्या खांद्यावर घेतला आणि केरसुणी पुढे धरूनच परत निघालो.

काही पेटलं नाही. आम्ही फाटकाबाहेर आलो. बशीरला जीपमध्ये बसवलं आणि जीप तासगावच्या दवाखान्याकडे गेली.

चंद्राबाईने डोक्यावर पदर घेतला होता. ती रस्ता सोडून कडेला झाली होती, पालखी जाताना होतात तशी. जीप गेली त्या बाजूला ती बघत नव्हती. माझ्याकडेही नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"आता तुमी झाडली वाट," ती म्हणाली.

केंद्र बंद झालं. पावसाळ्याआधी कुंपण निघालं, व्हॅन ट्रकवर घालून पुण्याला गेल्या. अनीशचं एक पत्र आलं. त्यात तब्येतीची चौकशी होती. बशीरचा हात बरा झाला. दोन बोटं वळत नाहीत, पण स्टिअरिंग धरता येतं. तो पुन्हा ट्रकवर गेला. मी एकदा सुगराबीला भेटायला गेलो तेव्हा ती एकटीच होती. शेजारची बाई ताट वाढून गेली होती. बशीर महिन्यातून एकदा येतो, असं सुगराबी म्हणाली.

"पर एकलाच येतो," ती म्हणाली. "त्येवढं बरं झालं." मग तिने माझ्या दिशेने मान वळवली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि मला बसा म्हणाली नाही.

माझ्या सदऱ्यांच्या पाठीवर पिवळा डाग पडू लागला. पद्माला, माझ्या बायकोला, वाटलं परीट इस्त्री जास्त तापवतो. आम्ही परीट बदलला. आता मी बिनइस्त्रीचेच सदरे घालतो.

लग्नाला चाळीस वर्षं झाली. बाजारात जाताना मी पुढे आणि पद्मा दोन पावलं मागे, ही आमची सवय. तिने ती कधी मोडली नाही. परवा गणपती मंदिराच्या रस्त्याला ती माझ्या शेजारून चालत होती. रिक्षा जवळून जात होत्या, म्हणून मी म्हणालो, "मागे ये, धक्का लागेल."

"कशी येऊ?" ती म्हणाली. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पदर आवरून धरला. "तुमच्या मागे हल्ली जागाच नसते."