पोटावरची काळी पाचर

"माझा अंदाज बरोबर आहे, आणि तरीही प्रतिकृती करपली," खुर्चीत बसण्यापूर्वीच बाईंनी सांगितले.

आलेल्या बाई गणिती होत्या. ध्वनीच्या कित्येक पट वेगाने उडणाऱ्या यानाचे अंग कोठे किती तापेल, याचा अंदाज बांधणे हे त्यांचे कार्य. त्या अंदाजावर विसंबून यानाच्या पोटाला पातळ कवच देण्याचे ठरले होते. परंतु काल वायुबोगद्यात लहान प्रतिकृतीवर तप्त हवेचा झोत सोडताच तिच्या पोटावरील, उष्णता दाखविणारा रंग काळवंडला. उद्या समिती बसणार होती, आणि बाईंची गच्छंती जवळपास निश्चित होती.

"संशय कोणावर?" खाजगी शोधकाने विचारले.

"रंगारी. बोगद्याचा प्रमुख. तिसऱ्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

"मग पकडायचं कोणाला, भाऊजी?" शोधकाचा मेव्हणा पुटपुटला.

"आधी स्वतःचे बूट पकड. निघायचंय."

प्रतिकृती अद्याप बोगद्यातच होती. तिचे पोट सर्वत्र गुलाबी होते. मधोमध मात्र एक काळा पट्टा, पुढे निमुळता व मागे रुंद होत गेलेला, जणू पाचरच. पाचरीच्या टोकाशी मोहरीएवढा एक ठिपका गुलाबीच राहिला होता.

"एवढ्या जाळातून हा बरा वाचला," मेव्हणा म्हणाला.

शोधक त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

रंगारी चिडलेलाच होता. "माझ्या रंगात खोट नाही. तापला की काळा होतो, मग थंड केला तरी गुलाबी होत नाही. कुठे वावगं दिसलंच, तर कुंचल्याने झाकतो. कोणाच्या बापाला कळत नाही."

"बाईंशी वाकडं आहे?"

"त्या मला नावं ठेवतात. तशा त्या सगळ्यांनाच ठेवतात."

बोगद्याच्या प्रमुखाने हसत हसत एका चाकावर हात ठेवला. "आच या चाकाने वाढते, आणि चाकाला हात फक्त माझा. बाईंना घालवायचं असतं, तर एवढं पुरे होतं."

"झोतापूर्वी पोट कोणी पाहिलं?"

"मीच पुसलं. आरशासारखं होतं. नंतर भाचेबुवा दिवा लावायला आत गेले, मग दार बंद केलं. झोत संपल्यावर छायाचित्रं काढायला तेच आधी गेले."

भाचेबुवा म्हणजे बाईंच्या बहिणीचा मुलगा व त्यांचाच मदतनीस.

"हवा पोटावरून शांत सरकेल, असं मावशीने धरलं," तो म्हणाला. "खवळली तर अंग कितीतरी पट तापतं. खवळायला एक बारीक उंचवटासुद्धा पुरतो. फक्त तो नेमक्या जागी हवा."

"ती जागा कळते कशी?"

"गणिताने."

"मावशींना हे सांगितलंत?"

"सांगितलं. ती हसली. सगळ्यांच्या देखत."

शोधकाने चौघांना प्रतिकृतीभोवती उभे केले.

"चाक फिरवलं असतं, तर सगळं पोट काळं झालं असतं. इथे पाचरच काळी आहे, म्हणजे हवा एका ठिकाणापासून खवळली. तिथे काहीतरी चिकटवलेलं होतं. त्याच्याखालचा रंग झाकला गेला, म्हणून हा ठिपका गुलाबी."

"पण इथे तर काहीच नाही," मेव्हणा म्हणाला.

"नंतर काढलं. रंगारी असता, तर त्याने ठिपक्यावर काळा रंग फिरवला असता. ज्याला गणित येतं पण रंग कळत नाही, त्यालाच वाटलं, वस्तू काढली की खूण गेली. नेमकी जागा त्यालाच ठाऊक. पुसल्यावर आत तोच गेला, आणि झोतानंतरही आधी तोच."

भाच्याची मान खाली गेली. "चिकटपट्टीचा तुकडा होता. तिने एकदा तरी ऐकावं, म्हणून."

बाईंनी पाचरीशेजारच्या गुळगुळीत अंगावरून बोट फिरविले.

"खऱ्या कवचाचे जोड इतके गुळगुळीत राहतील?"

"नाही राहणार, मावशी. तेच तर सांगत होतो."

"उद्या समितीपुढे आधी तू बोलशील, काय चिकटवलंस ते. मग मी माझा अंदाज मागे घेईन. कवच जाड करावं लागेल."

"मग तुझी जागा?"

"ते त्यांचं ते ठरवतील," बाई म्हणाल्या. "त्या यानात माणसं बसणार आहेत."