एकतीस सेंटीमीटर

तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तो पांढऱ्या कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला. मी शिवणकाम करते. माणूस दारात उभा राहिला की त्याचे खांदे, उंची आणि लबाडी मी नजरेनंच मोजून टाकते. याचे खांदे सरळ होते. नजर मात्र माझ्या डाव्या हातावर खिळलेली.

"हात कधीपासून सुजलाय?"

"बाह्या तुमच्या लांब, आणि चौकशी माझ्या हाताची?"

"समोरच्या दवाखान्यात सूज उतरवायचंच काम करतो... म्हणून विचारलं."

दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या ग्रंथी काढल्या, आणि तेव्हापासून हातातलं पाणी वाट चुकलं. हे सगळं मी त्या परक्या माणसाला का सांगितलं, देव जाणे.

आठवड्यातून दोनदा मी त्याच्याकडे मसाजला जायला लागले. मानेपासून सुरुवात, मग खांदा, मग दंड. बोटं टेकवायची, कातडी जराशी सरकवायची, सोडायची. रगडणं नाही, दाबणं नाही.

"जरा जोर लावा की! जेवला नाहीत का?"

"हे पाणी जोराला जुमानत नाही. त्याची... समजूत काढावी लागते."

"आणि बाईची?"

त्याचे कान लाल झाले. मी मनात टिपून ठेवलं.

शेवटी तो टेपनं दंडाचं माप घेऊन कागदावर लिहायचा. चौतीसचे बत्तीस झाले, बत्तीसचे एकतीस. वहिनी चिडवायची, "नणंदबाई, मसाजला चाललात की मिरवायला? काजळ काय, नवी ओढणी काय!" मी उडवून लावायचे. पण एका बाजूची छाती सपाट झालेली बाई पुन्हा आरशापुढे रेंगाळते, हे वहिनीपासून लपणार थोडंच!

मग आकडा एकतीसवर अडला. तीन आठवडे तोच. इकडे माझ्या डाव्या बाहीची शिवण मी दोनदा उसवून सैल केलेली. आणि त्या दिवशी त्यानं टेप काढली, तर दंडावर खोल वळ उमटला होता.

"पुन्हा घ्या," मी म्हणाले. "सैल धरून."

"एकतीसच आहे."

"अहो, शिंपिणीसमोर टेप आवळता?"

तो हसला नाही. पुन्हा माप घेतलं. पस्तीस.

"कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे." तो स्टुलावर बसला. "उतरलेली सूज अशी परत चढली की मसाज थांबवायचा आणि आधी डॉक्टरांकडे पाठवायचं... आजार परतलाय का, ते बघायला. मी म्हटलं, अजून एकदा बघू. अजून एकदाच... पाठवलं असतं, तर तुमचं येणं थांबलं असतं."

"म्हणजे माझे तीन आठवडे तुम्ही घालवलेत."

"हो."

राग आला. त्याला बोल बोल बोलावं असंही वाटलं. पण तोंड उघडेना. कारण काखेत वाटाण्याएवढी कडक गाठ माझ्याच बोटांना लागून दहा दिवस झाले होते, आणि मी वहिनीलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर त्याच दिवशी माझं या खोलीत येणं संपलं असतं.

"गाठही आहे," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले.

"चिठ्ठी लिहा. खरा आकडा घाला."

त्यानं लिहिली. अक्षर पार वाकडंतिकडं.

"बरोबर येऊ?"

"कोण म्हणून?"

त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला आणि तो माझ्या मागून जिना उतरला.

डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर सात जण बसलेले. मागच्या खेपेला मी याच बाकावर होते, त्यामुळे आत काय ऐकावं लागणार याचा मला अंदाज होता. नोंदवहीवाल्या बाईनं मान वर न करताच विचारलं, "सोबत कोण? नातं सांगा."

तो खिडकीकडे बघू लागला. कान पुन्हा लाल.

"माझे आहेत," मी म्हणाले.

"अहो, पण नातं?"

"तेवढंच लिहा हो... पुढचं ठरवायला वेळ मिळाला, तर येऊन सांगते."